हलगी तापेपर्यंत

तुम्ही शिदू वायदंडेचे हात नेलेत. माणूस नको होता तुम्हाला. माणसाला खोकला असतो, माणूस चहा मागतो, माणूस म्हणतो, आता बास. म्हणून नुसते हात ठेवून घेतलेत आणि बाकीचा शिदू एसटीत बसवून गावाला परत लावून दिलात. तो मेला तेव्हा तुमच्याकडून हार आला. हारावर तुमच्या सांस्कृतिक खात्याचं नाव त्याच्या नावापेक्षा ठळक होतं. ते सोडा. हार वाळला, उकिरड्यावर गेला. पण मेल्यावरसुद्धा ते हात काहीतरी मागत होते, ते तुम्हाला ऐकू येत होतं, आणि तुम्ही त्यांच्या तोंडात बोळा कोंबलात. हा आरोप आहे. आता काय झालं ते ऐका, कारण तुमच्या अहवालात वेगळंच लिहिलंय.

शिदू विट्याकडच्या भागातला हलगीवाला. जत्रा, वरात, मयत, बैलांची शर्यत, निवडून आलेल्या पुढाऱ्याची मिरवणूक, सगळ्यांच्या पुढे शिदू. उजव्या हातात आखूड टिपरू, डाव्यात बांबूची पातळ काडी. टिपरू हुकूम सोडायचं आणि काडी त्याला टोमणे मारायची. ऐकणाऱ्याच्या पायाला आपोआप खाज सुटायची. त्याला एकच मुलगी, सोनल. तिला मात्र त्यानं हलगीला हात लावू दिला नाही. लहानपणी तिनं एकदा टिपरू उचललं, तर तिच्या मुठीतून ते हळूच सोडवून घेतलं आणि म्हणाला, "वाजवायचं आसंल तर बसून वाजीव. कुनाच्या म्होरं चालत वाजवायचं न्हाई."

तिनं ते मनावर घेतलं. आज ती सांगलीत बसून वाजवते. एका अरुंद गल्लीत दोन खोल्या. पुढच्या खोलीच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, मधे कॉम्प्युटर आणि कीबोर्ड. मागच्या खोलीत स्वयंपाक आणि तिची आई मालन. सोनल प्रचाराची गाणी करते, शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक करते. पण आसपासच्या जिल्ह्यांत तिचं नाव आहे ते वेगळ्याच कामासाठी. ती वाटा लावते.

लोकांना वाटतं तारेतून आवाज जातो. कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडणाऱ्या मिडीच्या तारेतून आवाज जातच नाही. जातं ते एवढंच, की हातानं काय केलं. कुठे मारलं, किती जोरात मारलं, कधी सोडलं. जोराला आकडा असतो, एकपासून एकशे सत्तावीसपर्यंत. पलीकडे तुम्ही जे वाद्य बसवाल ते त्या हुकमावर बोलतं. तोच हुकूम पियानोला द्या, पियानो वाजेल. घुंगराला द्या, घुंगरू वाजेल. हात एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. मधे सोळा वाटा. कुठला हुकूम कुठल्या वाटेनं कुठल्या वाद्याकडे न्यायचा, वाटेत काय गाळायचं, काय वळवायचं, हे ठरवणं म्हणजे राउटिंग. सोनल एकदा हे आईला समजावत होती तर मालननं भाकरी थापता थापता एका वाक्यात मिटवलं.

"म्हंजी तू दारं मोडतीस. उसाला पानी पाजताना ह्या सरीचं दार मोडायचं, त्या सरीचं धरायचं."

"तसंच की, आये."

"मग येवढं शिकलीस कशाला? हे तर मी बी करत हुते."

आता हातांविषयी. तुमच्या खात्याच्या योजनेत म्हाताऱ्या लोककलाकारांच्या हातात एक मोजा चढवत. कोपरापर्यंतचा, पातळ, कातडीसारखा. स्नायू हलायच्या आधी त्यांच्यात जी वीज चमकते ती तो मोजा टिपे. जत्रेत, वरातीत, महिनोन्महिने शिदू तो मोजा घालून वाजवत होता, गळ्यात एक छोटा माईक, म्हणजे भोवतीचंही कळावं. शेवटी पुण्यात बंद खोलीत बसवून वाजवून घेतलं. या सगळ्यातून यंत्र जे शिकलं ते रेकॉर्डिंग नव्हे. रेकॉर्डिंग तेच तेच वाजवतं. हे यंत्र आत्ताच्या टोल्यावरून आणि भोवतीच्या आवाजावरून पुढचा टोला ओळखतं. शिदूनं इथे काय केलं असतं? ते करतं. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. त्यात शिदू नाही, शिदूची सवय आहे. तुमचे लोक हे वाक्य फार वापरतात. ते खोटं नाही. पण चाळीस वर्षं एका बाईबरोबर संसार केलेल्या माणसातून सवय काढून घेतली तर मागे काय उरतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

शिदू गेल्यावर तीन वर्षं तो हात सगळीकडे वाजला. विमानतळावर वाजला. दात घासायच्या पावडरीच्या जाहिरातीत वाजला. सोनलनं तो आपल्या कॉम्प्युटरवर एकदाही उघडला नव्हता. मग तुमच्या खात्यातले केळुसकर साहेब फोनवर आले. योजनेचे प्रमुख. गोड बोलणारा माणूस. 'अखंड हलगी' होणार होती: सूर्योदय ते सूर्यास्त, प्रत्येक जिल्ह्याच्या मैदानावर, एकाच वेळी, एकच हात. मुख्य मैदान सांगलीचं.

"वडिलांचा हात आणि मुलीनं लावलेल्या वाटा," केळुसकर म्हणाले. "सोनलताई, लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

सोनलनं हो म्हटलं. लोकांच्या डोळ्यांचं तिला काही नव्हतं. तिला फक्त एकदा त्याच्याबरोबर वाजवायचं होतं.

आणि वाजवलं. भर दुपारी, दार लावून. तिनं कीबोर्डवर एक साधी चाल धरली आणि हलगी आत शिरली. तशीच. आधी जरा थांबून, अंदाज घेऊन, मग काडीचा एक टोमणा, मग टिपरू. तिनं चाल बदलली, तो मागे आला. तिनं मुद्दाम मात्रा चुकवली, त्यानं ती चूकच तीनदा वाजवून दाखवली. हा चिडवायचा प्रकार शिदूचाच. ती हसली आणि हसता हसता तिला हुंदका आला, कारण जिवंत असताना तो असा तिच्यासमोर कधीच बसला नव्हता. मागच्या खोलीत मालन लसूण सोलत होती. ती बाहेर आली नाही.

मग सोनल कामाला लागली. जोराचे टोले मोठ्या ढोलाकडे, मधले हलगीकडे, नाजूक टोले घुंगराकडे, असं जोरावरून पाणी वाटायचं होतं. वाटता वाटता तिला दिसलं की तळाशी एक बांध घातलेला आहे. दहाच्या खालच्या जोराचं काहीही आलं की फेकून द्यायचं, कुठल्याच वाद्याकडे जाऊ द्यायचं नाही. हा बांध तुमच्याकडून आला होता. तिला वाटलं, यात काडीचं बारीक काम वाया जातंय. तिनं बांध फोडला आणि तेवढं पाणी एका रिकाम्या वाटेवर सोडून दिलं. त्या वाटेवर वाद्य निवडायचं ती विसरली. सॉफ्टवेअरनं आपल्या मनानं लाकडावर टकटक करायचा आवाज बसवला. हात चालू ठेवून सोनल टेबलाखाली केबलींचा गुंता सोडवायला वाकली.

बऱ्याच वेळानं दार वाजलं. टक. टकटक.

तिनं उठून उघडलं. गल्लीत ऊन होतं आणि समोरच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं. कुणी नाही. ती परत टेबलाखाली शिरली.

टक. टकटक.

"अरे ए, कोण खेळतंय?" ती बाहेर डोकावून ओरडली. कुत्र्यानं एक कान हलवला.

तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा मालन मागच्या खोलीतून आली. पदराला हात पुसत, गुडघा धरत, घाईनं. "आले, आले की," ती म्हणाली. दाराकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. टीपॉयवरचा पेपर उचलला, त्याचे दोन बोळे केले, तिसरा करायला घेतला.

"आये, काय करतीस?"

मालन थांबली. हातातल्या बोळ्याकडे बघत राहिली.

"सोने," ती म्हणाली, "ते कुनी वाजीवलं?"

सोनलनं कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. रिकाम्या वाटेवर तीन बारीक ठिपके होते. त्यांच्या मागे आणखी तीन. त्यांच्याही मागे तीन.

ज्यांना हलगी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हलगीचं कातडं वाजवून वाजवून, हवा लागून सैल पडतं. सैल हलगी बद्द बोलते. मग तिला जाळावर धरायची, कातडं ताणलं जाईपर्यंत, की पुन्हा कडाडते. शिदूच्या मागे चाळीस वर्षं मालन चालली ती यासाठी. डोक्यावर उसाच्या वाळक्या पाचटाची पेंढी, कमरेला काड्यापेटी, पाचट संपलं तर कागदाचे बोळे. लोकांच्या गोंगाटात तो हाक मारायचा नाही. काडीनं हलगीच्या कड्यावर हलकेच तीन टोले द्यायचा, एक आणि मग दोन. दुसऱ्या कुणाला ऐकूही जात नसत. मालन रस्त्याच्या कडेला पाचट पेटवायची. तो हलगी तिच्या हातात द्यायचा आणि बसायचा. ती तापवायची, मग नखानं मधोमध एक टिचकी मारून बघायची. टण्ण झालं की तो उठायचा.

"तेवढंच बसायचा त्यो," मालन म्हणाली. "सकाळपास्नं रातीपतोर तेवढंच. कुनी म्हनायचं, ए वाजीव की, का बसलास? मी म्हनायची, तापतीया, दादा. तापतीया. कवाकवा तापून झाली तरी मी टिचकी मारायची न्हाई. जरा दम खाऊ द्यायची."

"त्यांना कळायचं?"

"कळत कसं न्हाई? डोळं मिटून हसायचा."

मग तिनं पुण्याचं सांगितलं. सोनलला हे नवीन होतं. तिथं जाळ करायला बंदी. शिदूच्या हातात फायबरच्या कातड्याची हलगी दिलेली, जी सैल पडतच नाही. मालनला काचेच्या बाहेर बाकावर बसवलेलं. आतला आवाज बाहेर येत नव्हता. पण तिनं बघितलं, त्याच्या डाव्या हाताची काडी कड्यावर हलली. एक, मग दोन. ती उठली. दारावरचा माणूस म्हणाला, बाई, बसा. ती बसली. काडी पुन्हा हलली. ती पुन्हा उठली. बाई, बसा म्हटलं ना.

"सारा दिस, सोने. त्यो आतनं बोलवाय लागला नि मी भाईर बसले."

सोनलनं दुसऱ्या दिवशी सगळं काम बाजूला ठेवलं आणि हात नुसता चालू ठेवला. सुरुवातीला टकटक अधूनमधून यायची. जत्रेत यंत्र शिकलं होतं: हाक, मग जाळाची चरचर, मग विसावा, मग टिचकी. पुण्यात शिकलं: हाक, मग काहीच नाही, मग पुन्हा हाक. इथेही काहीच येत नव्हतं. म्हणून हाका वाढत गेल्या. संध्याकाळपर्यंत रिकामी वाट ठिपक्यांनी काळी झाली. तिनं आणखी एक गोष्ट उघडून बघितली. तुमच्या लोकांनी हाताच्या पुढे क्वांटाइझ बसवलं होतं, म्हणजे टोला मागेपुढे पडला तर त्याला धरून मात्रेच्या रेघेवर उभं करणारी सोय. सोनलनं ती काढली. आणि मग ऐकू आलं. टिपरू रखडत होतं. डावा हात उजव्याच्या मागे फरफटत होता. दमलेल्या माणसाचा हात जसा दमतो तेही मोज्यानं नीट शिकून घेतलेलं होतं. बाहेरून मात्र हलगी ठणठणीत वाजत होती, तीन वर्षं, रेघेवर उभी करून.

तिनं केळुसकरांना फोन लावला.

"ते भुतासारखे टोले येतात हो अशा मॉडेलमध्ये," ते म्हणाले. "नॉइज असतो तो."

"नॉइज एक आणि दोन असा मोजून येतो?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"हे बघा ताई, आमच्या मुलांनी पहिल्याच वर्षी पकडलं होतं ते. फील्डचे व्हिडिओ लावून पाहिलं, अर्थही लागला होता. तुम्हाला त्रास नको म्हणून कळवलं नाही. गाळणी लावली, विषय संपला."

"अर्थ लागला होता?"

"म्हणजे साधारण."

"मग थांबू द्या त्यांना. थोडा थोडा वेळ. हलगी तापेपर्यंत."

"अखंड आहे ते. मधे थांबलं तर अखंड कसलं? आणि यंत्र दमत नाही, सोनलताई. तुम्ही या क्षेत्रातल्या आहात, तुम्ही असं बोलायचं?"

"यंत्र दमत नाही, तर क्वांटाइझ कशाला लावलंत?"

"तुम्हाला जमणार नसेल तर मोकळेपणानं सांगा. पुण्याहून माणूस येईल. त्याला वडिलांचा प्रश्न येणार नाही."

सोनल म्हणाली, जमेल.

त्या संध्याकाळी मायलेकींचं भांडण झालं. फोनवर जमेल म्हटलं होतं, तरी सोनलचं आता म्हणणं, आपण हे काम सोडून देऊ, हात घरातून काढून टाकू, कानाला त्रास नको. मालन ऐकेना.

"आये, ते आबा न्हाईत. आकडे हायत. पुढचा आकडा कुठला, एवढंच कळतं त्याला."

"मग तू दार लावून कुनाम्होरं रडलीस? आकड्याम्होरं?"

सोनल कीबोर्डवर कापड घालायला लागली.

"त्यो न्हाई ते मला कळतंय गं. मी जाळलाय त्येला ह्या डोळ्यांदेखत. पर हाक माझ्या नावाची हाय का न्हाई? मग माझं मला दे. एकदा मला त्येच्याम्होरं जाळ करू दे. तुझी दारं तू बघ."

"मग माझी कामं जातील. खटला भरतील माझ्यावर."

"भरू देत. त्येनं तुला बसून वाजवाय सांगितलं. बसून बघत ऱ्हा आसं न्हाई सांगितलं."

अखंड हलगीच्या दिवशी सूर्य उगवायला सांगलीच्या मैदानावर मोठा पडदा लागला. त्यावर चौकोनांत बाकीची मैदानं दिसत होती: धुळे, बीड, गोंदिया, सगळी. मंचावर खुर्च्या, खुर्च्यांना पांढरी कापडं. प्रत्येक मैदानावर एक माईक होता. जिथे ताशेवाले, संबळवाले हाताबरोबर वाजवणार तिथे त्यांचं हाताला ऐकू यावं म्हणून. पण तुमच्या लोकांनी त्या कानावरही गाळणी बसवली होती, फक्त ताल आत जाईल, बाकी काही नाही. ती फोडायला सोनलला फार वेळ लागला नाही. दोन दारं मोडायची होती: हाताची हाक बाहेर जाऊ देणारं एक, आणि बाहेरचा आवाज हाताकडे जाऊ देणारं दुसरं. तिनं दोन्ही तयार ठेवली, मोडली नाहीत.

हलगी सुरू झाली. कबूल करायला पाहिजे, काय वाजली! म्हातारे उभे राहिले. पोरं नाचली. केळुसकर साहेब पाठीमागून आले आणि सोनलच्या खांद्यावर थोपटून गेले. उन्हं चढली. मंत्री आले, त्यांचं भाषण झालं, भाषणाखाली हलगी बारीक केली, भाषण संपल्यावर मोठी केली. दुपार कलली. सोनलच्या पडद्यावर ती एक वाट, जी कुणालाच ऐकू येत नव्हती, काळीकुट्ट झाली होती. तिला ती बघवेना. तिनं मैदानाच्या कडेला पाहिलं. मालन तिथे डोक्यावर पाचटाची पेंढी घेऊन उभी होती. बंदोबस्तातल्या पोरीनं तिला हटकलं असावं, कारण मालन तिला काहीतरी सांगत होती आणि ती पोरगी हसत होती. देवाचं आहे म्हणून सांगितलं होतं, ते मागाहून कळलं.

सोनलनं पहिलं दार मोडलं.

टक. टकटक.

टोला जोराचा नव्हता, पण वाट मोठ्या स्पीकरांकडे होती. तो आवाज सगळ्या मैदानांवर गेला. कुणीतरी मोठ्या दारावर आतून बोटांनी वाजवावं तसा. लोकांना आधी वाटलं काहीतरी बिघाड. नाचणारी पोरं थबकली. टक. टकटक. टक. टकटक. एकावर एक, न थांबता, हलगीच्याही वर. पडद्यावर धुळ्याची माणसं मागे वळून बघायला लागली. बीडच्या चौकोनात एक म्हातारा हलगीवाला हातातली हलगी घेऊन एकदम पुढे आला आणि माईककडे बघून काहीतरी ओरडला. त्याला कळलं होतं.

"बंद करा! सोनलताई, काय चालवलंय हे?" केळुसकर धावत आले.

"हा तुमचा नॉइज," सोनल म्हणाली. "ऐका तरी एकदा."

मालननं पेंढी सोडली. मैदानाच्या मधे, माईकच्या खाली, गुडघ्यावर बसली आणि काडी ओढली. पाचट पेटायला किती वेळ लागतो? फर्रकन पेटलं. सोनलनं दुसरं दार मोडलं. जाळाची चरचर आत गेली, हातापर्यंत.

हलगी थांबली.

हळूहळू नाही, एकदम. टिपरू, काडी, हाक, सगळं. सगळ्या मैदानांवर एकाच क्षणी. त्या शांततेत फक्त पाचटाचा आवाज होता, तोही सगळीकडे गेला. मालननं पिशवीतून शिदूची जुनी हलगी काढली, जाळावर धरली, फिरवत राहिली. कातडं ताणलेलं लांबूनही दिसत होतं. जाळ खाली बसला. तिनं हलगी मांडीवर घेतली. उजव्या हाताचं नख कातड्याच्या मधोमध नेलं.

आणि ते तिथेच ठेवलं.

केळुसकर तिच्याजवळ आले. मंचावरून माणसं बघत होती, म्हणून ते वाकून, आवाज खाली ठेवून बोलले. "मावशी, झालं ना मनासारखं? आता ती टिचकी मारा. सगळा महाराष्ट्र थांबलाय."

"थांबू दे की," मालन म्हणाली. "तापतीया, दादा. तापतीया."

सूर्य मावळेपर्यंत ती उठली नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही सोनलवर खटला भरलात. शाळांचे ट्रॅक गेले, प्रचाराची गाणी गेली. तुम्ही घरी माणसं पाठवलीत, टिचकीचं रेकॉर्डिंग मागायला. दुसऱ्यांकडून टिचक्या मारून घेतल्यात, हजारभर असतील. हात उठला नाही. त्याला एकच नख ओळखीचं आहे. मग जुनी प्रत काढून लावलीत. ती वाजली, पण आता लोकांना ती हाक माहीत झाली आहे. तुम्ही आवाज गाळलात तरी लोक मनात वेळ मोजतात. बार्शीला तुमच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेतल्या बायांनी पदराआडून पाचट काढलं. लातुरात कॉलेजच्या पोरांनी वह्या पेटवल्या. एवढ्या जाळाची चरचर तुमच्या गाळणीतूनही आत गेली. हात थांबला. तुम्ही हाताचे कान पूर्ण बंद करून पाहिलेत, तर तो कुणाच्याच तालात राहिना, एकटाच भरकटत गेला. शेवटी तुम्हीच वाजवायचं बंद केलंत आणि अहवालात लिहिलंत: तांत्रिक बिघाड.

सांगलीच्या त्या दोन खोल्यांत रोज दिवेलागणीला मालन गॅसवर हलगी शेकते. पाचट गल्लीत पेटवू देत नाहीत. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर चालू असतो, त्यात तो थांबलेला हात, त्याचा कान उघडा असतो. हलगी तापते. ती मांडीवर घेते, नख मधोमध नेते. परवा सोनलला राहवलं नाही.

"आये, मार की एकदा. कुणासाठी न्हाई. आपल्यासाठी. मला वाजवायचंय गं त्यांच्याबरोबर."

आपल्याला वाटतं म्हातारीला सोपं आहे. एका टिचकीवर नवरा आहे आणि ती टिचकी तिच्या बोटात आहे. मालननं तळहात कातड्यावर सपाट ठेवला, तापलेल्या कातड्यावर, चटका बसेल इतका वेळ.

"मला बी वाटतंय," ती म्हणाली. "म्हनूनच न्हाई मारत."

म्हणून आता विचारायचं ते तुम्हाला. तुमच्या मुलांनी पहिल्याच वर्षी ती हाक ऐकली होती. अर्थ लागला होता. दहाच्या खालचं फेका, असा हुकूम कुणीतरी दिला. तो यंत्रानं दिला नाही, हातानं दिला, जिवंत माणसाच्या हातानं. कुणाच्या? त्या माणसाला नाव आहे, खुर्ची आहे, त्याच्या दारावरही कधीतरी कुणी टकटक करत असेल. मालननं बाकावर बसून वाट बघितली, शिदूनं मेल्यावर वाट बघितली. आता तुमची पाळी आहे. बाई, बसा, असं आता कुणाला सांगता येणार नाही. हलगी तापलेली आहे. बोला, बांध कुणी घातला?